शांत झालेले मूल

लंडनमधल्या मोठ्या रुग्णालयांत मुलांना भेटायची वेळ काय असते, याची एक यादी १९४९ साली 'स्पेक्टेटर' या साप्ताहिकात छापून आली होती. गाईज रुग्णालयात रविवारी दुपारी दोन ते चार. सेंट बार्थोलोम्यूमध्ये बुधवारी दोन ते साडेतीन. चेरिंग क्रॉसमध्ये रविवारी तीन ते चार. वेस्ट लंडन रुग्णालयात भेट अजिबात नाही. सेंट थॉमसमध्ये पहिला महिनाभर भेट नाही, पण संध्याकाळी सात ते आठ या वेळात येऊन झोपलेले मूल पाहून जाता येईल. 'द लंडन हॉस्पिटल'मध्ये तीन वर्षांच्या आतल्या मुलांना आईवडिलांनी आडोशापलीकडून पाहावे, तीन वर्षांवरच्यांना आठवड्यातून दोनदा भेटावे.

आज ही यादी वाचताना आपल्या मनात पहिला विचार येतो तो या लोकांच्या निर्दयपणाचा. आम्हालाही तेच वाटले होते. पण त्या काळातले लेखन वाचू लागल्यावर लक्षात येते, की हे नियम करणारी माणसे निर्दय नव्हती. मुलांसाठी दिवसरात्र राबणारे डॉक्टर आणि वॉर्ड आरशासारखा लख्ख ठेवणाऱ्या परिचारिका होत्या त्या. नियमांमागे त्यांची दोन कारणे होती आणि दोन्ही निरीक्षणावर आधारलेली होती. पहिले कारण संसर्गाचे. पेनिसिलीन येण्यापूर्वी बाहेरून आलेला एखादा पाहुणा घटसर्प, गोवर किंवा लोहितज्वर घेऊन येई आणि अख्खा वॉर्ड आजारी पाडी. दुसरे कारण आमच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचे आहे. पहिले दोनचार दिवस मूल रडते, आईला हाका मारते, खात नाही. मग हळूहळू शांत होते. परिचारिकांचे ऐकू लागते. आई भेटायला आली की ते पुन्हा हंबरडा फोडते, रात्री अंथरूण ओले करते. म्हणजे भेटीमुळे मूल बिघडते, नाही का?

निरीक्षण अगदी बरोबर होते. ते वर्षानुवर्षे, शेकडो मुलांच्या बाबतीत झालेले होते. चूक झाली ती त्याचा अर्थ लावण्यात. शांत झालेले मूल म्हणजे रुळलेले मूल, हे सगळ्यांनी गृहीत धरले होते आणि ते गृहीतक आहे हेच कोणाच्या लक्षात आले नव्हते.

(आपल्याकडे हा प्रश्न या स्वरूपात फारसा उद्भवला नाही. सरकारी रुग्णालयात मुलाच्या खाटेखाली चटई टाकून झोपलेली आई, खिडकीत ठेवलेला जेवणाचा डबा आणि दांडीवर वाळत घातलेले लुगडे हे दृश्य आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे आहे. परिचारिका पुरेशा नसतात, म्हणून नातेवाईक लागतात, एवढेच त्यामागचे कारण. पण इंग्लंडला जे मोठ्या झगड्यानंतर मिळाले ते आपल्याला अडचणीने आपोआप दिले होते. आता खासगी अतिदक्षता विभागांच्या काचेच्या दारांवर भेटीच्या वेळांच्या पाट्या दिसतात, तेव्हा ही जुनी यादी आठवते.)

शंका घेणारे अधूनमधून होतेच. न्यूकॅसलच्या एका लहानशा शिशुरुग्णालयात जेम्स स्पेन्स हा बालरोगतज्ज्ञ १९२०च्या दशकापासूनच आयांना मुलांजवळ ठेवून घेत होता. न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात हॅरी बॅक्विनच्या लक्षात आले, की जंतू लागू नयेत म्हणून एकेकटी ठेवलेली तान्ही मुले पुरेसे दूध पिऊनही वजनाने वाढत नाहीत आणि घरी गेली की भराभर वाढतात. त्याने 'हात दोनदा धुवा' अशा पाट्या काढून टाकल्या आणि 'बाळाला उचलून घेतल्याशिवाय या खोलीत येऊ नका' अशी पाटी लावली. १९४२ साली त्याने यावर लेख लिहिला. त्याच्या शीर्षकात 'एकटेपणा' हा शब्द होता. वैद्यकाच्या नियतकालिकात, तान्ह्या मुलांच्या संदर्भात तो शब्द तेव्हा विचित्रच वाटला असणार. पुढच्याच वर्षी हॅरी एडेल्स्टनने रुग्णालयात राहून आलेल्या इंग्लिश मुलांच्या ताटातुटीच्या भीतीवर लिहिले. पण सुट्या आवाजांनी व्यवस्था हलत नाही. ती हलवली एका अशा माणसाने, जो डॉक्टर नव्हता.

जेम्स रॉबर्टसन हा ग्लासगोजवळच्या कामगार कुटुंबातला. चौदाव्या वर्षी शाळा सोडून पोलादाच्या कारखान्यात लागलेला. दुसऱ्या महायुद्धात तो आणि त्याची पत्नी जॉइस लंडनमध्ये अ‍ॅना फ्रॉइडने चालवलेल्या पाळणाघरात काम करू लागले. जेम्सच्या वाट्याला भट्टी पेटवणे आणि किरकोळ दुरुस्त्या ही कामे होती. पण त्या पाळणाघरात एक नियम होता. तिथे काम करणाऱ्या प्रत्येकाने, मग तो भट्टीवाला का असेना, मुलांबद्दल जे दिसेल ते कार्डावर लिहून ठेवायचे. काय वाटते ते नव्हे, काय दिसले ते. रॉबर्टसनचे सारे शिक्षण हे एवढेच म्हणता येईल. विज्ञान शिकवणाऱ्यांनी या नियमाकडे जरा थांबून पाहावे असे आम्हाला वाटते.

१९४८ साली मनोवैज्ञानिक जॉन बोल्बीने त्याला आपल्याकडे घेतले. काम एकच : आईपासून दुरावलेल्या मुलांकडे पाहत राहणे. रॉबर्टसन रुग्णालयांत जाऊन मुलांच्या वॉर्डात बसू लागला. डॉक्टर फेरी मारून जात, परिचारिकांच्या पाळ्या बदलत, हा मात्र तिथेच. म्हणून त्याला ते दिसले जे इतरांना तुकड्यातुकड्यांनी दिसत होते. मूल आधी निषेध करते, म्हणजे रडते, दाराकडे पाहते, आईच्या वाटेला डोळे लावते. मग रडणे थांबते, पण ते समाधानाने नव्हे, आशा सुटल्यामुळे. ते गप्प पडून राहते, अंगठा चोखते, खेळण्याकडे हात नेत नाही. परिचारिका नेमक्या याच वेळी 'रुळला' असे लिहीत. आणि मुक्काम फारच लांबला तर तिसरी अवस्था येते. मूल पुन्हा हसू लागते, जो येईल त्याच्याकडे जाते, खाते, पिते. आई आली तर रडत नाही. तिच्या चेहऱ्याकडे पाहतही नाही. तिच्या हातातल्या पिशवीत खाऊ काय आहे तेवढे पाहते.

ही तिसरी अवस्था लांब मुक्कामाच्या वॉर्डांत, म्हणजे दीर्घकालीन आजारांच्या मुलांत दिसे. हाडांचा क्षय झालेली मुले तेव्हा महिनेच नव्हे तर वर्षेच्या वर्षे चौकटीला बांधून उन्हात झोपवली जात. पोलिओनंतरची मुले अशीच दीर्घकाळ राहत. तीन वर्षांचे मूल दोन वर्षे रुग्णालयात राहिले, तर त्याच्या आठवणीतल्या आयुष्याचा बहुतेक भाग तिथेच गेला, हा साधा गुणोत्तराचा हिशेब आहे. पण तो कोणी मांडला नव्हता.

रॉबर्टसन आपली निरीक्षणे सांगू लागला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, 'तुम्ही भावनाप्रधान आहात.' मग त्याने ठरवले की दाखवायचेच. त्याने एक हातात धरायचा चलत्चित्र कॅमेरा मिळवला. चित्रपट काढण्याचा त्याला अनुभव नव्हता, पण आक्षेप काय येणार ते त्याने आधीच ओळखले होते. 'मुद्दाम रडके मूल निवडले' असे कोणी म्हणू नये म्हणून रुग्णालयाच्या प्रतीक्षायादीतून यदृच्छेने मूल निवडले. 'रडण्याचेच क्षण टिपले' असे कोणी म्हणू नये म्हणून रोज ठरावीक वेळीच चित्रण केले आणि भिंतीवरचे घड्याळ चित्रात येऊ दिले. नाभीच्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस दाखल झालेली, अडीच वर्षांना एक महिना कमी असलेली ही मुलगी चित्रपटात 'लॉरा' या नावाने ओळखली जाते. योगायोग असा, की यादृच्छिक निवडीत निघालेली ही मुलगी वयाच्या मानाने फारच संयमी होती. ती क्वचितच मोकळेपणाने रडते. रडू दाबताना तिचा चेहरा कसा होतो, आईबद्दल ती हळूच कसे विचारते आणि जाताना आईवडील निरोप घेत असता मान कशी वळवून घेते, हे चित्रपटात दिसते. त्यात भयानक असे काहीही घडत नाही. त्याची ताकद तीच.

नोव्हेंबर १९५२ मध्ये रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये हा चित्रपट दाखवला गेला. सभागृहात बरेच डॉक्टर आणि परिचारिका होत्या, आणि त्या संतापल्या. हा आमच्या व्यवसायाचा अपमान आहे, मूल अपवादात्मक आहे, आमच्या वॉर्डात मुले आनंदी असतात, असे एकेक जण उठून म्हणाला. पण काही जण परत गेले आणि त्यांना आपल्याच वॉर्डात लॉरा दिसू लागल्या. एकदा दिसले की मग न दिसणे अवघड असते. हाडांचे शल्यविशारद सर हॅरी प्लॅट यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९५९ साली अहवाल दिला : आईवडिलांना केव्हाही येऊ द्यावे आणि पाच वर्षांच्या आतल्या मुलांबरोबर आईला राहू देण्याची सोय करावी. अहवालामुळे लगेच काही बदलले नाही. १९६१ साली चित्रपटाचे भाग बीबीसीवर दाखवले गेले, आयांनी संघटना काढल्या, आणि तरीही सगळे वॉर्ड उघडायला पुढची कित्येक वर्षे लागली.

इथे गोष्ट संपली असती तर सोपे होते : मूल आईजवळ असावे, इतकेच. पण नेमक्या याच काळात अमेरिकेत एका आजाराच्या बाबतीत बरोबर उलटे चालले होते, आणि तेही मुलांच्या मनाची काळजी म्हणून.

तो आजार दमा. न्यूयॉर्कचे अ‍ॅलर्जीतज्ज्ञ मरी पेश्किन यांचा अनुभव असा, की कोणत्याही औषधाला न जुमानणारा दमा मूल घरापासून दूर पाठवले की अनेकदा ओसरतो आणि घरी परतले की उलटतो. कोलोरॅडो राज्यातल्या डेन्व्हर शहरात, समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटर उंचीवर, क्षयरोग्यांच्या मुलांसाठी काढलेले एक गृह होते. क्षयरोग मागे पडल्यावर ते दम्याच्या मुलांसाठी काम करू लागले. तिथे मुले दीड-दोन वर्षे राहत आणि पालकांनी भेटायला येणे अपेक्षित नसे. बहुतेक मुले सुधारत. या उपचाराला पेश्किन यांनी जे नाव दिले त्याचा अर्थ 'पालक कापून काढणे' असा होतो. टॉन्सिल किंवा अपेंडिक्स कापून काढावे तसे. त्या काळच्या मनोविश्लेषणाला हे सोयीचे होते. दम्याची धाप म्हणजे दाबलेले रडणे आणि त्याला कारण गुदमरवून टाकणारी आई, असे प्रबंध लिहिले जात होते. ज्या बायका रात्र रात्र जागून मुलाला मांडीवर उठवून बसवत होत्या, त्यांना सांगितले जात होते की आजार तुम्हीच आहात.

शास्त्र शिकवणाऱ्या वाचकाला इथे लगेच शंका यायला हवी. मूल डेन्व्हरला गेले म्हणजे आईपासून दूर गेले, हे खरे. पण त्याच वेळी ते घरातली गादी, गालिचा, मांजर आणि समुद्रकाठच्या दमट शहराची हवा यांपासूनही दूर गेले. एका वेळी दहा गोष्टी बदलल्या, तर परिणाम कोणत्या एकीचा? १९६४ साली नेदरलँड्समधल्या लायडन येथील संशोधकांनी दाखवून दिले, की घरातल्या धुळीत अ‍ॅलर्जी निर्माण करणारी वस्तू मुख्यतः डोळ्यांना न दिसणाऱ्या कोळीवर्गीय किड्यांपासून, म्हणजे धूळमाइट्सपासून येते. हे किडे दमट हवेत वाढतात. डेन्व्हरच्या उंच आणि कोरड्या हवेत ते जेमतेम तगतात.

मग आई निर्दोष आणि किडे दोषी? इतक्या घाईने निकाल देऊ नये, हे दाखवणारा एक सुंदर प्रयोग डेन्व्हरमध्येच झाला. केनेथ पर्सेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९६९ साली प्रसिद्ध केला. त्यांनी मुलाला घराबाहेर काढले नाही. मुलाला घरातच ठेवले आणि बाकीच्या सगळ्या कुटुंबाला दोन आठवडे हॉटेलात पाठवले! घर तेच, गादी तीच, धूळ तीच, शाळा तीच. जेवणखाण्याला एक बदली बाई. आधी, त्या दोन आठवड्यांत आणि नंतर, मुलाचा श्वास रोज मोजला, घरघर ऐकली, औषधे मोजली. एकूण २५ मुले होती. त्यांतल्या १३ जणांचा दमा भावनिक कारणाने उसळतो असे मुलाखतींवरून आधीच ठरवून लिहून ठेवले होते, १२ जणांचा तसा नाही असे. पहिल्या गटातली मुले सुधारली. दुसऱ्या गटात फारसा फरक पडला नाही.

म्हणजे घरातला ताण काही मुलांच्या श्वासनलिकांपर्यंत खरोखर पोचतो आणि काहींच्या नाही. 'दम्याच्या मुलाची आई' नावाची एकच बाई नसते. हा प्रयोग आम्ही आमच्या संशोधन-विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो, कारण चल वेगळे करणे म्हणजे काय हे त्याच्याइतके चांगले समजावणारे उदाहरण भौतिकशास्त्रातही चटकन सापडत नाही. दम्याच्या बाबतीत पुढे श्वासातून घ्यायची औषधे आली, बहुतेक मुले घरीच बरी राहू लागली, आणि पालक कापून काढण्याचा विषय न बोलता मागे पडला. त्या आयांची कोणी माफी मागितल्याचे मात्र आमच्या वाचनात नाही.

आजारी मुलाच्या मनाचा तिसरा धागा आहे लपवण्याचा. तो मधुमेहाच्या इतिहासात फार स्पष्ट दिसतो.

इन्सुलिन येण्यापूर्वी मधुमेहाच्या मुलांना जगवण्याचा एकच उपाय होता, तो म्हणजे उपाशी ठेवणे. अमेरिकेतले डॉ. फ्रेडरिक अ‍ॅलन यांची ही पद्धत. लघवीतली साखर जाईपर्यंत आहार कमी करायचा, मग मोजून मापून थोडा द्यायचा. मूल झुरत जाई, पण काही महिने, कधी दोनतीन वर्षे अधिक जगे. अ‍ॅलन यांनी स्वतःच नोंदवलेली एका बारा वर्षांच्या मुलाची हकिकत आहे. मधुमेहाने त्याची दृष्टी गेली होती. त्याला रुग्णालयात वेगळ्या खोलीत ठेवले होते, तरी लघवीत साखर येतच राहिली. आहार आणखी कमी केला, तरी येत राहिली. शेवटी उलगडा झाला. आंधळ्या मुलावर कोण कशाला संशय घेणार? तो दंतमंजन खात होता. सोबतीला म्हणून त्याने एक कॅनरी पक्षी मागून घेतला होता, त्याच्या पिंजऱ्यातले दाणे खात होता. विचारले असता तो कितीतरी दिवस नाही म्हणत राहिला. पुढे तो मुलगा उपासमारीनेच गेला.

ही हकिकत वाचल्यावर आम्ही काही वेळ पुस्तक मिटून ठेवले होते. त्या मुलाला 'खोटारडा' म्हणणे किती सोपे होते! आणि आजही मधुमेहाच्या मुलाच्या वहीतले साखरेचे आकडे जुळले नाहीत की पहिला शब्द तोच निघतो.

११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोमध्ये लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एलिझाबेथ ह्यूज ही जवळपास १५ वर्षांची मुलगी तिथे आली. ती अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांची मुलगी. तीन वर्षे अ‍ॅलन यांच्या पद्धतीवर काढून तिचे वजन ४५ पौंड, म्हणजे सुमारे २० किलो उरले होते. त्या तीन वर्षांत तिने आईला लिहिलेली पत्रे शिल्लक आहेत. ती उत्साही आहेत, आनंदी आहेत, जवळजवळ अविश्वसनीय वाटावीत इतकी. इन्सुलिन मिळाल्यावर ती भरभर सावरली, पदवीधर झाली, लग्न केले, तीन मुले झाली, ७३ वर्षांची होऊन १९८१ साली वारली. सुमारे ४२ हजार इंजेक्शने घेतली. आणि आपल्याला मधुमेह आहे हे ती आयुष्यभर लपवत राहिली. वडिलांच्या कागदपत्रांतून आपल्या आजाराचे उल्लेख तिने काढून टाकले. इन्सुलिनच्या इतिहासातले हे सर्वांत यशस्वी उदाहरण, आणि त्या उदाहरणाला स्वतःचे उदाहरण व्हायचे नव्हते.

लपवणे एका बाजूनेच होत नसते. १९४८ साली बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांना अमिनोप्टेरिन हे औषध देऊन आजार काही काळ मागे हटवून दाखवला. जी मुले काही आठवड्यांत जात ती आता महिनोन्महिने राहू लागली, घर आणि रुग्णालय अशा फेऱ्या मारू लागली. त्यांना काय सांगायचे? काहीही सांगू नये, असा सर्वसाधारण सल्ला होता. मुलांना मरण कळत नाही, मग कशाला घाबरवा? युजेनिया वेक्टर या परिचारिका-संशोधिकेने १९७१ साली याची परीक्षा केली. सहा ते दहा वर्षांची ६४ मुले, सोळा-सोळांचे चार गट : जीवघेणा आजार असलेली, दीर्घ पण जीवघेणा नसलेला आजार असलेली, थोडक्या दिवसांच्या आजाराने दाखल झालेली आणि निरोगी शाळकरी मुले. प्रत्येकाला काही चित्रे दाखवून त्यांच्यावर गोष्ट रचायला सांगितली. पहिल्या गटातल्या सोळांपैकी फक्त दोघांशी कोणी त्यांच्या आजाराबद्दल मोकळेपणी बोलले होते. पण त्या गटाच्या गोष्टींत मरण, एकटेपणा आणि शरीराला इजा यांचा सुळसुळाट होता, आणि चिंतेचे मोजमाप रुग्णालयातल्या इतर मुलांच्या जवळजवळ दुप्पट आले. ज्या मुलांना बोलायला थोडी तरी संधी मिळाली होती, त्यांची चिंता कमी होती.

मानवशास्त्रज्ञ मायरा ब्लूबाँड-लँगनर यांनी त्याच दशकात अशा मुलांसोबत अमेरिकेतल्या एका वॉर्डात कित्येक महिने काढले. १९७८ साली त्यांचे पुस्तक आले. मुलांना सगळे माहीत होते. औषधांची नावे, त्यांचा क्रम, आपल्या आधी कोण गेले, सगळे. आणि मोठ्यांना हे कळता कामा नये हेही त्यांना माहीत होते, कारण विषय काढला की आई खोलीबाहेर जाते हे त्यांनी पाहिले होते. आईवडील मुलांसाठी नाटक करीत होते आणि मुले आईवडिलांसाठी.

आता थोडे आकड्यांकडे वळू, कारण एकट्या लॉराची किंवा एलिझाबेथची गोष्ट किती मुलांची आहे हे आकड्यांशिवाय कळत नाही. इंग्लंडच्या दक्षिणेला वाइट नावाचे बेट आहे. १९६०च्या दशकात मायकेल रटर आणि सहकाऱ्यांनी तिथल्या शाळकरी मुलांची शिस्तशीर पाहणी केली. पालकांना आणि शिक्षकांना, दोघांनाही विचारले. सर्वसाधारण मुलांत मानसिक त्रास असलेली मुले सुमारे ७ टक्के आढळली. दमा, मधुमेह, हृदयविकार असे मेंदूशी संबंध नसलेले दीर्घ आजार असलेल्या मुलांत सुमारे १२ टक्के. साध्या अपस्माराच्या म्हणजे फिट्सच्या मुलांत सुमारे २९ टक्के. १९८७ साली कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या पाहणीतही दीर्घ आजाराबरोबर शारीरिक मर्यादा असलेल्या मुलांत मानसिक त्रासाची शक्यता सुमारे तिप्पट आणि नुसता दीर्घ आजार असलेल्यांत सुमारे दुप्पट दिसली. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनच्या देशव्यापी पाहणीत अपस्माराच्या मुलांत ३७ टक्के, मधुमेहाच्या मुलांत ११ टक्के आणि इतरांत ९ टक्के असे आकडे आले.

हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचायला हवेत. धोका वाढतो हे खरे. पण वाइट बेटावरच्या दीर्घ आजाराच्या शंभरांपैकी ८८ मुलांना तसा काही त्रास नव्हता. आजारी मूल म्हणजे मनाने दुबळे मूल असे समजून त्याला सहलीला न नेणारी, खेळातून काढून धावफलक लिहायला बसवणारी शाळा त्या ८८ जणांवर अन्याय करते. दुसरे म्हणजे अपस्माराचे वेगळेपण. आजार जिथे मेंदूचाच आहे तिथे मनाचा त्रास हा केवळ आजाराला दिलेला प्रतिसाद नसतो, काही अंशी तो आजाराचाच भाग असतो. आणि यात लोकांच्या नजरेची भर पडते. फिट आलेल्या मुलाला कांदा किंवा चप्पल हुंगवणारे हात आपल्याकडे अजून आहेत. मूल शुद्धीवर येते तेव्हा भोवती अख्खा वर्ग उभा असतो, आणि त्याला सर्वांत जास्त लक्षात राहते ते हेच.

आपल्या इथली परिस्थिती थोडी बदलते आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकल सेल यांचा समावेश झाला. विदर्भातल्या आणि नंदुरबार भागातल्या शिक्षकांना सिकल सेलची मुले नवी नाहीत. महिन्यातले चार दिवस हातपाय दुखतात म्हणून गैरहजर राहणारा आणि 'कारणे सांगतो' म्हणून बोलणी खाणारा मुलगा त्यांनी पाहिलेला असतो. २०१७ साली केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने मधुमेहाच्या विद्यार्थ्यांना बोर्डाच्या परीक्षेत खाण्याचे काही पदार्थ जवळ ठेवायची परवानगी दिली. गोष्ट छोटी आहे. पण साखर खाली गेलेल्या मुलाचा हात थरथरतो, डोके चालेनासे होते, आणि पर्यवेक्षकाकडे बिस्किट मागण्यापेक्षा ते मूल पेपर तसाच सोडून देते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ती छोटी वाटणार नाही.

आम्ही महाविद्यालयात असताना वसतिगृहात आमच्या शेजारच्या खोलीत एक मुलगा राहत असे. त्याच्या खिडकीत पाण्याने भरलेले मातीचे एक पसरट भांडे आणि त्यात दुसरे झाकण लावलेले लहान मडके होते. आम्ही ते कुठल्या तरी व्रताचे समजत होतो. तो आमच्याबरोबर कधी सिनेमाला आला नाही, मेसमध्ये नेहमी सर्वांच्या आधी जेवायचा आणि रोज जेवणाआधी टॉवेलात काहीतरी गुंडाळून न्हाणीघरात जायचा. दुसऱ्या वर्षी कोणाला तरी तिथे सिरिंज सापडली. तो नशा करतो अशी बातमी दोन दिवसांत पसरली. बातमी पसरवणाऱ्यांत आम्हीही होतो. त्याने कोणालाच काही सांगितले नाही, पुढच्या सत्रात गावात खोली घेतली. मडक्यात इन्सुलिन होते, हे आम्हाला बारा वर्षांनी एका लग्नात त्याच्याच तोंडून कळले. हा लेख लिहिण्याआधी त्याला फोन करून विचारले, तुझी गोष्ट लिहू का? तो हसला. लिही म्हणाला, पण माझे नाव घालू नकोस, ऑफिसात कोणाला माहीत नाही.